मायनर स्केल, चौथं बोट आणि हार्मोनियमवाला हात

पियानोवर मायनर स्केल (कोमल ग असलेली पाश्चात्त्य सप्तकं) कसे बसवले ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण मी शिकत होते तेव्हा मराठीत हे कुठे वाचायला मिळालं नाही आणि इंग्रजीत जे मिळतं ते लहानपणापासून पियानो शिकलेल्यांसाठी लिहिलेलं असतं. माझा हात हार्मोनियमवर तयार झालेला. गांधर्वच्या परीक्षा दिल्या, भजनी मंडळात साथ केली, दोन-तीन गायकांना घरगुती बैठकीत वाजवलं, म्हणजे स्वरांची ओळख पक्की, कान तयार, उजवा हात बऱ्यापैकी तयार, पण डाव्या हातानं आयुष्यभर फक्त भाता मारलाय. असा हात घेऊन जे पियानोकडे येतात त्यांना मायनर स्केल सगळ्यात आधी आपलेसे वाटतात आणि सगळ्यात जास्त दमवतातही, आणि ह्या दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आमचे सर वसईचे, चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवलेले, बोलणं स्वच्छ मराठीत. मेजर स्केल (सगळे स्वर शुद्ध) झाल्यावर त्यांनी ए मायनर घ्यायला सांगितलं. आधी नॅचरल. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, ए, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. पांढरी सहा, म्हणजे ए ची पट्टी, सा धरला की रे शुद्ध, ग कोमल, म शुद्ध, प, ध कोमल, नी कोमल. हा आसावरी थाटच झाला! मी तसं म्हटलं तर सर म्हणाले, "ताई, स्वर तुम्हाला माहितीयेत ते चांगलंच आहे, आता बोटं शिकायची." आणि पुढचे कितीतरी महिने खरंच फक्त बोटंच शिकणं चाललं होतं.

मायनरचे तीन प्रकार का असतात हे एकदा नीट समजून घेतलं की बोटांचा गोंधळ अर्धा कमी होतो, म्हणून ते आधी सांगते. नॅचरलमध्ये नी कोमल आहे, म्हणजे वरच्या सा पासून दोन पट्ट्या लांब. पाश्चात्त्य संगीतात शेवटाकडे येताना पंचमावरचा कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) वाजवून मग सा च्या कॉर्डवर उतरायचं असतं, आणि त्या पंचमाच्या कॉर्डमध्ये नी येतो (ए मायनरमध्ये ई, जी, बी). नी कोमल असला तर सा कडे ओढ लागत नाही. तो शुद्ध केला, म्हणजे जी चा जी शार्प (अर्धा स्वर वरचा) केला, की तो सा ला चिकटून बसतो आणि कान आपोआप सा ची वाट बघतो. हा हार्मोनिक मायनर. आता यात कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यामध्ये तीन अर्ध्या स्वरांचं अंतर पडलं, एफ वरून थेट जी शार्प. गाताना ही उडी अवघड म्हणून चढताना ध सुद्धा शुद्ध करायचा, आणि उतरताना सा कडे ओढ लागायची गरजच नाही तर दोन्ही परत कोमल. हा झाला मेलोडिक. म्हणजे चढताना एक आणि उतरताना एक. आपल्याला आरोह-अवरोह वेगळे असण्याची इतकी सवय असते की हे सांगताना सरांना जास्त बोलावंच लागलं नाही.

हार्मोनिक मायनरचे स्वर म्हणजे आपले किरवाणीचे स्वर. किरवाणी कर्नाटक पद्धतीतून आली, तिथे ती एकविसावी मेलकर्ता (आपल्या थाटासारखी मूळ स्वरमांडणी), आणि भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एकातही ती बसत नाही. मेलोडिकचा आरोह म्हणजे फक्त ग कोमल, बाकी सगळं शुद्ध, पटदीपला लागणारे सूर. कर्नाटकात त्याला गौरीमनोहरी म्हणतात. मी हे वहीत प्रत्येक स्केलच्या बाजूला लिहून ठेवलं आणि त्याचा फार उपयोग झाला, कारण पाश्चात्त्य पद्धतीनं शिकणारी मुलं "सिक्स्थ कुठला, सेव्हन्थ रेज केला का" असं मोजत बसतात तेव्हा आपला कान चुकीचा सूर लगेच पकडतो. कोमल ध वरून शुद्ध नी वर जाताना जो ताण आहे तो मला अतिशय प्रिय आहे, तीनही प्रकारांत हार्मोनिकच मी सगळ्यात जास्त वाजवते आणि मेलोडिक त्यामानाने गुळगुळीत वाटतो असं माझं स्पष्ट मत आहे.

तर स्वर कान सांगतो. बोट मात्र कान सांगत नाही.

हार्मोनियमवर आपण बोटांचा नियम फार काटेकोर पाळत नाही. प्रत्येक वादकाची आपली सवय असते, पट्टी हलकी असते, एक बोट पट्टीवर धरून दुसरं सरकवता येतं, भाता चालू आहे तोवर आवाज तुटत नाही. शिवाय आता स्केल चेंजर आलेत, गायकाची पट्टी काळी चार असो की पांढरी दोन, वादक अख्खा कीबोर्ड सरकवतो आणि आपल्या बसलेल्या बोटांनीच वाजवतो. डिजिटल पियानोला सुद्धा ट्रान्सपोजचं बटण असतं. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, त्या बटणाला हात लावायचा नाही. आता कळतं का ते. पियानोवर प्रत्येक पट्टीतून काळ्या-पांढऱ्यांचा उंचसखलपणा वेगळा येतो आणि त्याप्रमाणे हाताचा आकार बदलतो, तो हातात बसवणं हेच तर स्केल शिकणं.

बोटांचे आकडे दोन्ही हातांना सारखे, अंगठा १, करंगळी ५. स्वर सात आणि बोटं पाच, त्यामुळे सप्तकात एकदा तरी अंगठा बोटांखालून न्यावाच लागतो. ए मायनरचा उजवा हात १ २ ३ १ २ ३ ४ आणि वर सा ला ५, पुढच्या सप्तकात जायचं असेल तर परत १. डावा हात चढताना ५ ४ ३ २ १ ३ २ १. हीच बोटं ई, डी, जी आणि सी मायनरला. म्हणजे पाच मायनर एका फटक्यात झाले असं वाटतं, आणि कागदावर झालेही.

गंमत म्हणजे हा अंगठ्याचा वापर सुद्धा कीबोर्डच्या इतिहासात तसा उशिराचाच आहे. संगीतकार जोहान सेबास्टियन बाख यांचे चिरंजीव सी. पी. ई. बाख यांनी १७५३ साली बर्लिनमध्ये वादनाच्या पद्धतीवर लिहिलं, त्यात ते सांगतात की आपल्या वडिलांनी तरुणपणी मोठमोठे वादक ऐकले होते, ते अंगठा फक्त लांबचा स्वर गाठायला लागला तरच वापरायचे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण माझाही अंगठा तोवर तसाच होता, बाजूला लटकलेला, लांबच्या सुरासाठी राखून ठेवलेला. त्या अंगठ्याला रोजच्या कामाला लावायचं होतं.

पहिले काही आठवडे उजवा हात एकटा. उजव्या हाताला चढताना अंगठा तिसऱ्या बोटाखालून म वर जातो. इथे सरांचा एकच आग्रह, अंगठा आधी निघाला पाहिजे. म्हणजे दुसरं बोट रे वर पडतंय तेव्हाच अंगठा आत सरकायला लागला पाहिजे, तिसरं बोट ग वर असताना तो म च्या वर तयार हवा. शेवटच्या क्षणी नेला की कोपर बाहेर उडतं, मनगट वाकतं आणि तो सूर ठोकल्यासारखा मोठा येतो. हार्मोनियमवर जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर अवलंबून, त्यामुळे अंगठ्याचा हा ठोका कधी ऐकूच येत नाही. पियानोवर मात्र लपत नाही. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे, डोळे मिटून, आणि अंगठा कुठे पडला हे नुसतं ऐकून कळतंय का ते बघायचे. कळत असेल तर अजून हळू. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर, इतकं हळू की घरातल्यांना वाटावं पियानो ट्यून करतायत.

मग डावा हात.

याबद्दल थोडं जास्तच लिहिणार आहे कारण हार्मोनियमवाल्यांचा खरा प्रश्न हाच आहे. भाता मारणारा हात ताकदीचा असतो, लयीलाही पक्का असतो, पण त्याची बोटं सुटी सुटी हललेली नसतात. अनामिका आणि करंगळी एकत्रच उठतात. डाव्या हातानं ए मायनर चढायचं म्हणजे करंगळीपासून सुरुवात, म्हणजे सगळ्यात दुबळ्या बोटाला षड्ज. सरांनी स्केल बाजूला ठेवून आधी पाच स्वरच दिले, सा रे ग म प, पाच बोटं, हात न हलवता, वर-खाली, आणि आपल्याच अलंकारांसारखे पलटे, सारेग रेगम गमप. हे मला घरचंच. रोज सकाळी चहाच्या आधी फक्त डावा हात, थोडाच वेळ, पण रोज. मनगट किंवा हाताच्या मागच्या बाजूला ओढ जाणवली की लगेच थांबायचं असा नियम सरांनी घालून दिला होता आणि तो मी काटेकोर पाळला. ताण आलेल्या हातानं रियाज केला तर ताणच बसतो, स्केल बसत नाही.

पाच स्वरांनंतर चढताना तिसरं बोट अंगठ्यावरून ध वर न्यायचं. ओलांडून जाणं अंगठा खालून नेण्यापेक्षा सोपं वाटलं. उतरताना मात्र डाव्या हाताचा अंगठा खालून जातो आणि तिथे परत तेच सगळं. एक गोष्ट लक्षात आली की उजवा हात चढताना जे करतो तेच डावा उतरताना करतो, आरशात बघितल्यासारखं. सरांनी याचाच फायदा घेतला. दोन्ही हात एकत्र आणताना त्यांनी सरळ चाल दिलीच नाही, आधी उलट चाल दिली, कॉन्ट्ररी मोशन. दोन्ही अंगठे एकाच ए वर, उजवा वर जाणार, डावा खाली. ए मायनर हार्मोनिकमध्ये उजवा सा रे ग म प ध नी सा, १ २ ३ १ २ ३ ४ १, आणि डावा सा नी ध प म ग रे सा, त्याचीही बोटं १ २ ३ १ २ ३ ४ १. प्रत्येक क्षणी दोन्ही हातांचं तेच बोट! सूर वेगळे ऐकू येतात पण हातांना एकच काम. ज्यांना दोन्ही हात एकत्र आणायची भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी, हे मी अगदी मनापासून सांगते.

सरळ चालीत गोष्ट वेगळी. उजव्याचा अंगठा म वर पडतो, डाव्याचा प वर. म्हणजे दोन अंगठे लागोपाठच्या सुरांवर, कधीच बरोबर नाहीत (सा सोडून). इथे डोकं गरगरतं. आकडे दोन ओळींत लिहून बघून वाजवायचा प्रयत्न काही उपयोगाचा नाही, डोळे आकडे वाचतात आणि हात थांबतात. सरांनी एक खूण दिली ती अशी की तिसरी बोटं बघा. ए मायनरमध्ये उजव्या हाताचं तिसरं बोट ग वर आणि ध वर, डाव्याचंही तिसरं ग वर आणि ध वर. दोन्ही मधली बोटं एकाच वेळी, सप्तकात दोनदा. ई, डी, जी, सी मायनरला पण हेच. सा वरून निघायचं, ग वर दोन मधली बोटं भेटली पाहिजेत, ध वर परत भेटली पाहिजेत, मधलं आपोआप बसतं. ही भेट चुकली की तिथल्या तिथे कळतं. मी कितीतरी दिवस स्केल वाजवताना मनात फक्त "ग... ध..." म्हणत होते.

आणि दुसरी खूण चौथ्या बोटाची, जी मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोलाची वाटते. स्केल कुठलाही असो, सप्तकात सात स्वर म्हणजे तीनचा एक गट आणि चारचा एक गट. १ २ ३ आणि १ २ ३ ४. म्हणजे अंगठा दोनदा येतो, दुसरं-तिसरं दोनदा, पण चौथं बोट फक्त एकदाच. (डी पासून सुरू करा की काळी पाचपासून, हे बदलत नाही, सुरुवातीला आणि शेवटी सोयीसाठी बोट बदललं तरी मधली घडण तीच.) तर सगळे आकडे पाठ करण्यापेक्षा चौथं बोट कुठल्या सुरावर येतं एवढंच लक्षात ठेवायचं. ए, ई, डी, जी, सी मायनर हार्मोनिकमध्ये उजव्या हाताचं चौथं शुद्ध नी वर, डाव्याचं रे वर. संपलं. सरगममध्ये पाठ केलं तर पाचही स्केलना एकच वाक्य पुरतं.

हे गट हातात भरायला सरांनी गुच्छ वाजवायला लावले. म्हणजे ए मायनरला ए-बी-सी तिन्ही पट्ट्या एकदम १ २ ३ नी दाबायच्या, मग हात उचलून डी-ई-एफ-जी शार्प चारही एकदम १ २ ३ ४ नी. आवाज कर्कश येतो, शेजारी विचारतात, हेडफोन लावा. पण हाताला पुढची जागा एकदम कळते, बोटाबोटानं चाचपडावं लागत नाही. प्रत्येक नवीन मायनर मी आधी गुच्छांत वाजवला, मग एकेक स्वर.

पांढऱ्या पट्टीवरून सुरू होणारे दोन मायनर राहिले, एफ आणि बी, आणि यांनी मला बोटांमागचं कारण शिकवलं. एफ मायनर म्हणजे एफ, जी, ए फ्लॅट (अर्धा स्वर खालचा ए), बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, ई. नेहमीप्रमाणे तीन बोटांनंतर अंगठा नेला तर तो बी फ्लॅटवर येतो, काळ्या पट्टीवर. अंगठा आखूड, काळी पट्टी उंच आणि आत, त्यामुळे हात अख्खा आत ढकलावा लागतो. म्हणून इथे गट उलटे, आधी चार मग तीन, १ २ ३ ४ १ २ ३, अंगठा सी वर. चौथं बोट म वर गेलं. डावा मात्र नेहमीचाच. आणि मग लक्षात येतं की दोन्ही अंगठे सी वर एकत्र पडतायत, एफ वर एकत्र पडतायत. बी मायनरमध्ये हे डाव्या हाताला होतं, नेहमीसारखं करंगळीपासून निघालं तर अंगठा एफ शार्पवर, म्हणून ४ पासून निघायचं, ४ ३ २ १ ४ ३ २ १, अंगठा ई वर. उजव्याचाही ई वर. इथेही दोन्ही अंगठे बरोबर. हे कळल्यावर मी आकड्यांचं पान मिटून ठेवलं. अंगठा पांढऱ्यावर पडला पाहिजे आणि गट तीन-चारचे पाहिजेत, एवढ्या दोन अटी घातल्या की बहुतेक स्केलची बोटं आपली आपण काढता येतात, आणि स्वतः काढलेलं बोट विसरत नाही.

काळ्यांवरून सुरू होणाऱ्या मायनरना सगळे घाबरतात. मला उलट तिथेच हायसं वाटलं. भजनात काळी एक, काळी चार, काळी पाच यांतच आयुष्य गेलं, लांब बोटं काळ्यांवर आणि अंगठा पांढऱ्यावर ही हाताची बसलेली ठेवण. पियानोचे संगीतकार शोपां पॅरिसमध्ये शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्यांना पहिला स्केल बी मेजर द्यायचे म्हणतात, कारण लांब बोटांना काळ्या पट्ट्या मिळून हात नैसर्गिक बसतो, आणि सगळ्या पांढऱ्यांचा सी मेजर सगळ्यात शेवटी. हार्मोनियमवर काळी एक वाजवणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल. बी फ्लॅट मायनर, म्हणजे आपली काळी पाच, दोन्ही अंगठे सी आणि एफ वर एकत्र. ई फ्लॅट मायनर, काळी दोन, दोन्ही अंगठे एफ वर आणि पुढे सी फ्लॅटवर, जी पट्टी म्हणजे आपली पांढरी सात. हे दोन्ही ऐकायला जड आणि कागदावर फ्लॅटच फ्लॅट, पण हाताला इतके सुखाचे की मी रियाज त्यांनीच सुरू करायला लागले.

कागदाबद्दल एक सांगायलाच हवं. नोटेशनमध्ये मायनरला स्वतःची वेगळी की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) नसते, त्याच्या नात्यातल्या मेजरचीच वापरतात, मेजरच्या सा पासून तीन अर्धे स्वर खाली आलं की त्याचा मायनर. सी मेजरचा ए मायनर, ए मेजरचा एफ शार्प मायनर, ई मेजरचा सी शार्प मायनर. वाढवलेला नी त्या सिग्नेचरमध्ये लिहीत नाहीत, जिथे येईल तिथे वेगळी खूण. आणि एफ शार्प मायनरचा नी लिहितात ई शार्प, जरी पट्टी एफ ची असली तरी, कारण सात सुरांना सात वेगळी अक्षरं हवीत, एफ तर सा ला वापरून झालंय. जी शार्प मायनरमध्ये तर एफ डबल शार्प (दोन अर्धे स्वर वरचा एफ) येतो. मला सुरुवातीला हा उगाचचा त्रास वाटला, आता तो सरगमसारखाच वाटतो, नी तो नीच, त्याला सा च्या नावानं कसं लिहिणार.

आता एफ शार्प मायनर. काळी तीन. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं. हार्मोनिकमध्ये स्वर एफ शार्प, जी शार्प, ए, बी, सी शार्प, डी, ई शार्प. उजव्याचे गट ए-बी-सी शार्प तीन, डी-ई शार्प-एफ शार्प-जी शार्प चार. म्हणजे अंगठा ए आणि डी वर, चौथं बोट रे वर, सुरुवात ३ ४ १ २ ३ १ २ ३. छान बसला. मग मेलोडिक घेतला. चढताना ध शुद्ध होतो, म्हणजे डी चा डी शार्प. अंगठ्याची जागाच काळी झाली! मग अंगठा तिथे येऊच शकत नाही, तो एक स्वर पुढे ई शार्पवर जातो, गट उलटतात, ए-बी-सी शार्प-डी शार्प चार, ई शार्प-एफ शार्प-जी शार्प तीन. सुरुवातही २ ३ पासून. चौथं बोट रे वरून ध वर गेलं. आणि वरचा सा गाठून उतरायला लागलो की ध परत कोमल, डी पांढरा, अंगठा परत डी वर आणि चौथं परत रे वर. म्हणजे सूर बदलतात म्हणून बोटंही बदलतात, चढताना एक हात आणि उतरताना दुसरा. सी शार्प मायनरमध्येही हेच होतं, तिथे ध म्हणजे ए, चढताना ए शार्प होतो आणि अंगठा बी शार्पवर सरकतो. बाराही मायनरमध्ये उजव्या हाताला असं फक्त या दोघांत होतं. डावा हात मात्र दोन्हीकडे शांत राहतो, त्याची बोटं हार्मोनिकची तीच.

हे बसवायला मी स्केल तोडला. पूर्ण वर-खाली करायचाच नाही. फक्त वरचं टोक, प ध नी सा, सा नी ध प, ध-नी शुद्ध चढताना, कोमल उतरताना, एकाच जागी फिरत राहायचं, आपण एखादी सुरावट घोटतो तशी. सी शार्प ३, डी शार्प ४, ई शार्प १, एफ शार्प २, मग तिथेच बोट बदलायची संधी नाही तर त्या पुढचा जी शार्प घेऊन वळायचं, येताना एफ शार्प ३ नी घ्यायचा की २ नी, तर जी शार्प ४ नी घेतला तर ३, आणि मग ई २, डी १, सी शार्प ३. ह्या वळणावर मी दिवसच्या दिवस होते. सर म्हणाले, "वळायच्या आधी उतरणीचा कोमल नी मनात गा." म्हणून मी खरंच गायला लागले, आवाज काढून, आणि ज्या क्षणी कोमल नी गळ्यात आला त्या क्षणी हात उतरणीच्या बोटांवर गेला. बोट कान सांगत नाही असं मी वर लिहिलंय, ते सुरुवातीचं खरं होतं. पुरेसा रियाज झाल्यावर कान बोटाला सांगायला लागतो.

परीक्षा द्यायची असेल त्यांच्यासाठी, एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन्ही बोर्डांच्या परीक्षा आपल्याकडे होतात, आठव्या ग्रेडपर्यंत, स्केल न बघता वाजवायचे असतात आणि परीक्षक कुठलाही विचारू शकतात. त्यामुळे ठरलेल्या क्रमानं रियाज केला तर पंचाईत. मी चिठ्ठ्या केल्या, "जी मायनर हार्मोनिक", "बी मायनर मेलोडिक" अशा, डब्यात टाकल्या, निघेल तो वाजवायचा, आणि वाजवायच्या आधी फक्त दोन गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या, अंगठे कुठे आणि चौथं कुठे. मग हात खाली.

वेग आपोआप येतो असं म्हणतात, तसा तो येत नाही. ६० ला एका ठोक्याला एक, मग त्याच ६० ला दोन, तो अगदी सैल हातानं आला की मग तीन आणि चार. वेग वाढवताना मी मेट्रोनोमचा आकडा वाढवण्यापेक्षा ठोक्यातले स्वर वाढवले, आपल्या दुगुन-चौगुनसारखे, आणि ते मला जास्त मानवलं. तिगुन विशेष उपयोगी, कारण तीनच्या हिशेबात ठोका दर सप्तकात वेगळ्या बोटावर पडतो आणि अंगठ्यावर जोर द्यायची खोड मोडते.

सध्या सी शार्प मेलोडिक दोन्ही हातांनी दोन सप्तकं चाललंय, चढताना स्वच्छ, वळणावर अजून क्षणभर थबकायला होतं. जी शार्प मायनरचा डावा हात सरांनी मुद्दाम माझ्यावर सोडलाय, बोटं स्वतः काढून आणा म्हणाले. काढलीयेत दोन प्रकारे, एकात अंगठा त्या एफ डबल शार्पवर येतो आणि एकात ई वर, दोन्ही आलटून पालटून वाजवतेय, मला पहिला जास्त बरा वाटतोय, रविवारी दोन्ही वाजवून दाखवणार आहे.